मिनी लेथवर क्विक चेंज टूल पोस्ट बसवताय? आधी सेंटर हाईट मोजा

माझ्याकडे ७ इंची मिनी लेथ आहे, म्हणजे बेडवर १८० मिमी व्यासापर्यंतचा जॉब फिरतो तो. त्याच्याबरोबर जो फोर-वे टूल पोस्ट (चार टूल धरणारा ठोकळा) येतो त्याच्यावर मी बरेच दिवस काम केलं, पकड चांगली मजबूत असते त्याची, तक्रार पकडीबद्दल नाहीये. पण प्रत्येक टूलची टीप सेंटरला, म्हणजे जॉब ज्या अक्षाभोवती फिरतो त्या उंचीला, आणायला खाली पॅकिंग घालावं लागतं. मी जुन्या हॅकसॉ ब्लेडचे दात घासून तुकडे केले होते, एक तुकडा साधारण ०.६५ मिमी, त्याच्यावर पातळ पत्रा, आणि एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटला वरून धार लावली की उंची कमी होते म्हणजे परत पहिल्यापासून. फेसिंग (जॉबचं तोंड सपाट करणं) करून बोरिंगला (भोक मोठं करायला) जायचं तर कटिंगपेक्षा पॅकिंगमध्येच जास्त वेळ जायचा. ज्याला ऑफिस संपल्यावर तासभरच लेथ मिळतो त्याने क्विक चेंज पोस्ट, म्हणजे उंची जुळवलेले होल्डर टूलसकट पटकन बदलता येतात तो, घ्यावाच असं मला मनापासून वाटतं, फक्त माप घेऊन घ्या.

माप असं घ्यायचं. जुना टूल पोस्ट काढा, कंपाउंडचा (टूल पोस्टच्या खालची छोटी स्लाइड) वरचा सपाट भाग स्वच्छ पुसा, बुराद्याचा एक कण राहिला तरी माप चुकतं. चकमध्ये (जॉब पकडणारा भाग) १० मिमीचा सरळ ग्राउंड रॉड धरा, तो नसेल तर चांगल्या ड्रिलची गुळगुळीत शँक (दांडा) चालते, आणि कंपाउंडच्या सपाटीपासून रॉडच्या वरच्या कडेपर्यंत व्हर्नियरच्या डेप्थ पट्टीने मोजा, त्यातून रॉडचा अर्धा व्यास म्हणजे ५ वजा करा. ही तुमची सेंटर हाईट. आता यातून टूलच्या शँकची उंची वजा केली की होल्डरच्या खाचेचा तळ कंपाउंडपासून किती वर हवा ते कळतं. समजा सेंटर २५ वर आलं आणि टूल १२ मिमीचं आहे, तर तळ १३ वर पाहिजे, आणि होल्डर पूर्ण खाली टेकवल्यावर खाचेखालचा भाग १३ पेक्षा जाड असेल तर टीप कायम सेंटरच्या वर राहणार, त्याला इलाज नाही. पातळ असेल तर काळजी नको, होल्डर वर घेता येतो. मी हे न करता १२ मिमीचा अख्खा टूल सेट घेतला होता आणि टीप दीड मिमी वर आली, मग प्रत्येक शँक खालून घासत बसावं लागलं.

साइझचं सांगायचं तर ७ इंची लेथला झीरो एक्सए नावाचा छोटा सेट बरोबर बसतो, अर्धा इंच म्हणजे चार सूतपर्यंतचं टूल घेतो. एएक्सए हा त्याच्या वरचा. तो मिनी लेथवर बसवणारे लोक आहेत, पण छोट्या कंपाउंडवर तो जड होतो, मी नको म्हणेन. वेज टाइप की पिस्टन टाइप, हा प्रश्न सगळे विचारतात. वेजमध्ये होल्डर पोस्टकडे ओढला जाऊन दोन्ही बाजूंनी घट्ट बसतो, पिस्टनमध्ये आतून पिस्टन ढकलतो. होल्डर काढून परत लावला की डायलवरचं रीडिंग तेच यायला हवं असेल तर वेज घ्या. बजेट कमी असेल तर पिस्टननेही काम होतं, हलका कट घेणाऱ्याचं काही अडत नाही. पैसे वाचवायचे तर पोस्टवर वाचवा, होल्डरच्या संख्येवर नको. एका टूलला एक कायमचा होल्डर हाच तर सगळा फायदा आहे, निदान सहा हवेत, त्यात एक पार्टिंगचा (जॉब कापून वेगळा करायचा) आणि एक बोरिंग बारचा. मुंबईत नागदेवीला किंवा पुण्यात बोहरी आळीत गेलात तर व्हर्नियर खिशात ठेवा आणि होल्डर हातात घेऊन मोजा.

बसवताना आधी स्टड, म्हणजे पोस्ट ज्या उभ्या बोल्टवर बसतो तो, बघा. जुन्या स्टडचा व्यास आणि नव्या पोस्टचं भोक जुळत नसेल तर ढिला ठेवून नटाच्या जोरावर आवळू नका, मधे बुश टर्न करून घाला, अर्ध्या तासाचं काम आहे. काही लेथवर कंपाउंडमधून स्प्रिंगवाली पिन वर आलेली असते, ती काढायची नाहीतर पोस्ट सपाट टेकत नाही. मग लेथचा प्लग भिंतीतून काढा, पोस्टला होल्डर लावा, होल्डरची सपाट बाजू चकच्या तोंडाला हळूच टेकवा (चकचे जॉ मधे येत नाहीत ना ते बघून) आणि त्या अवस्थेत वरचा नट आवळा. डायल इंडिकेटर असेल तर क्रॉस स्लाइड पुढेमागे करून होल्डरच्या बाजूवर फिरवून बघा, जास्त खात्रीचं.

आता प्रत्येक होल्डरची उंची. गोल बार चकमध्ये धरा, सहा इंची स्टीलची पट्टी उभी धरून बार आणि टूलच्या टीपमध्ये अगदी हलकी दाबा, चक बंदच पाहिजे. पट्टी सरळ उभी राहिली तर टीप सेंटरला. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे गेलं तर वर. होल्डरवरचा नर्ल केलेला नट फिरवून जुळवा, लॉक नट आवळा. मग खरी परीक्षा फेसिंगची: मध्यभागी बारीक खुंट उरला तर टूल अजून थोडं खाली आहे, टूल कापायच्या ऐवजी घासून मधलं टोक चेपत असेल तर वर. एक चतुर्थांश फेरा नट फिरवा, परत फेस घ्या. खुंट नाहीसा होऊन मध्यापर्यंत एकसारखा चकचकीत फेस आला की होल्डरवर मार्करने नंबर टाका, पुढच्या वेळी हे करायचं नाही.

टूल होल्डरबाहेर शँकच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त काढू नका, छोट्या लेथवर चॅटर (कापताना होणारी थरथर) बहुतेक वेळा तिथूनच येतं. स्टीलचा बोरिंग बार व्यासाच्या चौपटीपर्यंत बाहेर चालतो. इन्सर्ट (टूलवर स्क्रूने बसणारी, बदलता येणारी टीप) घेत असाल तर सीसीएमटी ०६०२०४ पुरेसा, शेवटचे ०४ म्हणजे नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.४ मिमी, यापेक्षा मोठा रेडियस या मशीनला ओढवत नाही. अल्युमिनियमला धारदार पॉलिश केलेला सीसीजीटी लावा. आणि एचएसएस बिट टाकून देऊ नका, कमी स्पीडला तो फार सुंदर फिनिश देतो.

पार्टिंग ब्लेड लावताना कंपाउंड आणि क्रॉस स्लाइडचे जिब (स्लाइडमधला ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) आधी घट्ट करा, ब्लेडची बाजू चकच्या तोंडाशी समांतर आहे का ते पट्टीने बघा, आणि चकच्या जितकं जवळ कापता येईल तितकं कापा. जरा जरी तिरकं असेल तर ब्लेड खाचेत घासत जाऊन अडकतं, जॉब चकमधून निसटतो किंवा ब्लेड तुटतं, म्हणून डोळ्यांवर सेफ्टी चष्मा घालूनच.