धडक देऊन वाहन पसार झाले तर: सरकारी भरपाईचा अर्ज कसा करावा

ज्या वाहनाने उडवले ते सापडतच नाही, नंबर कोणी टिपलेला नाही, अशा अपघातात विमा कंपनीवर दावा लावता येत नाही. त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली केंद्र सरकारची वेगळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तिची नवी रक्कम लागू झाली: मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये, गंभीर दुखापत झाल्यास जखमीला ५० हजार रुपये. आधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. पैसे फार नाहीत, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अर्ज अडतो तो बहुधा अपघातानंतरच्या दोन-चार दिवसांत तयार झालेल्या कागदांवर, म्हणून खरी काळजी तिथे घ्यायची.

सुरुवात पोलीस ठाण्यापासून

एफआयआर हवाच, आणि त्यात ‘अज्ञात वाहनाने धडक दिली व चालक वाहनासह पळून गेला’ हे स्पष्ट लिहिलेले हवे. मृत्यू झाला असेल तर काही वेळा फक्त अकस्मात मृत्यूची नोंद होते. त्या नोंदीत वाहनाचा उल्लेखच नसेल, तर पुढे चौकशी अधिकारी विचारणारच की हा वाहन अपघात कशावरून. रस्त्यावर मृतदेह सापडला आणि प्रत्यक्ष पाहणारे कोणी नाही, अशा प्रकरणात घटनास्थळाच्या पंचनाम्याला फार महत्त्व येते: काचेचे तुकडे, रंगाचे ओरखडे, टायरच्या खुणा, आसपासचे सीसीटीव्ही. हे पंचनाम्यात यावे असा आग्रह नातेवाइकांनीच धरावा. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

दवाखान्यात काय पाहावे

दाखल करतानाच ‘रस्ता अपघात, अज्ञात वाहन’ असे सांगा. घाईत ‘पडल्याने मार’ असे लिहिले गेले, तर ती ओळ शेवटपर्यंत आडवी येते.

दुखापत ‘गंभीर’ कोणती, हे कायद्यात ठरलेले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणे किंवा निखळणे, दात तुटणे, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाने ऐकू येणे कायमचे जाणे, अवयव किंवा सांधा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, जिवावर बेतणारी इजा, किंवा १५ दिवस तीव्र वेदना अथवा रोजची कामे करता न येणे, हे सारे त्यात येते. म्हणजे साधे मनगट मोडले तरी दावा होतो. मात्र दुखापतीचा दाखला एक्स-रेच्या आधीच लिहिला गेला, तर त्यावर ‘साधी’ असा शेरा पडलेला असू शकतो. फ्रॅक्चर दिसल्यावर दाखला दुरुस्त करून घ्या.

अर्ज कुठे आणि कशासह

अर्ज अपघात ज्या तालुक्यात किंवा उपविभागात झाला तिथल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे, करायचा. राहत्या गावच्या कचेरीत दिलेला अर्ज नुसता फिरत राहतो. नमुना १ मधील अर्ज आणि नमुना ४ मधील हमीपत्र भरायचे. सोबत बँक पासबुकाची प्रत, जखमी किंवा मृत व्यक्तीचा आणि अर्जदाराचा ओळख व पत्त्याचा पुरावा, एफआयआर, कॅशलेस उपचार झाले असल्यास त्याचे बिल, आणि शवविच्छेदन अहवाल किंवा दुखापतीचा दाखला. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. पुढच्या सगळ्या मुदती त्या तारखेपासून मोजायच्या आहेत.

पासबुकाकडे नीट पहा. केवायसी पूर्ण नसलेल्या ‘लहान खात्यात’ वर्षभरात १ लाखाहून जास्त जमा होऊ शकत नाही, त्यामुळे २ लाख तिथे अडकतात. आधार, पासबुक आणि एफआयआरमध्ये नावाची स्पेलिंग वेगवेगळी असेल, तर तीही आधीच जुळवून घ्या. वारस एकाहून जास्त असतील तर सर्वांची नावे पहिल्याच अर्जात द्या. एखादे नाव लपवले आणि त्याने हरकत घेतली, की चौकशी लांबलीच.

पुढे किती दिवस

चौकशी अधिकाऱ्याने एका महिन्यात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. दावा निवारण आयुक्त म्हणून त्यांनी १५ दिवसांत मंजुरी द्यायची, आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून रक्कम थेट खात्यात यायला हवी. एकूण दोन महिने. ते उलटले तर आवक क्रमांक घालून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी स्मरणपत्र द्या. तोंडी चौकशीचा मागमूस कुठेच राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये एक उपयोगी आदेश दिला आहे. गुन्हा नोंदवल्यापासून महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी जखमींना किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची आणि अपघाताचा अहवाल चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तुम्हाला असे पत्र आले नसेल तर ठाण्यात याच आदेशाचा हवाला द्या. कागद जमवताना अडचण आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत घेता येते.

वाहन नंतर सापडले तर

तेव्हा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली दावा करा. तिथे उत्पन्न, वय आणि अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते, त्यामुळे ती बरीच जास्त असू शकते. ती मिळाली की कलम १६३ नुसार या योजनेत घेतलेल्या पैशांएवढी रक्कम परत जाते. नमुना ४ चे हमीपत्र त्यासाठीच असते. न्यायाधिकरणाच्या दाव्याची कायद्यातली ६ महिन्यांची मुदत अपघाताच्या तारखेपासून धरलेली आहे, वाहन सापडल्याच्या तारखेपासून नाही. म्हणून तपास कुठवर आला हे पोलिसांकडे दर महिन्याला लेखी विचारत राहा.