गच्चीवरची जुनी मोठी छत्री : या चुका टाळा

"काका, गच्चीवरची ती छत्री भंगारात काढू का?" हा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतोच. फोन करणारा बहुधा जुन्या केबलवाल्याचा मुलगा नाहीतर पुतण्या असतो. धंदा कधीच बसलेला असतो, कंट्रोल रूमची अडगळीची खोली झालेली असते, पण आठ फुटी डिश जागची हललेली नसते. तिच्या कडेला दोरी बांधून गोधड्या वाळत घातलेल्या असतात.

माझं उत्तर ठरलेलं आहे. छत्री ठेव, बाकीचं सगळं काढ. आखाती युद्धानंतर, १९९१-९२ च्या सुमारास, १०५.५ अंश पूर्व रेखांशावरच्या एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टारचे चॅनल घेण्यासाठी या डिश चढल्या. तेव्हाचा अ‍ॅनालॉग रिसीव्हर आज दार अडवायलासुद्धा जड पडतो, आणि तेव्हाचा एलएनबी, म्हणजे डिशच्या समोर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, आजच्यापुढे बहिरा आहे. छत्री मात्र निव्वळ आरसा आहे. आरसा जुना होत नाही, वाकडा होतो. आजही केबलच्या हेडएंडपर्यंत, म्हणजे मुख्य केंद्रापर्यंत, चॅनल पोचतात ते मुख्यतः सी-बँड या लांब लहरींच्या पट्ट्यावरूनच, आणि त्यातले बरेचसे कुलूप न लावलेले, म्हणजे पैसे न भरता दिसणारे असतात. वर पावसाचं सुख आहे. आषाढात डीटीएचची छोटी थाळी तासातासाला मान टाकते, कारण तिची केयू-बँडची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची असते. सी-बँडची लहर असते साडेसात सेंटिमीटरची. तिला आपल्या पावसाचं फारसं सोयरसुतक नसतं.

तेव्हा उपयोग आहे. नाही तो लोकांकडे धीर. मग त्याच त्या चुका होतात.

मोजायच्या आधी फिरवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका मित्राच्या पुतण्याने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी जाळीची डिश पाकळी-पाकळी सुटी केली आणि काम झाल्यावर पुन्हा जोडली. सोडवताना खडूने एक-दोन-तीन आकडे टाकायचे असतात, ते टाकले नव्हते. मग चार दिवस सिग्नल नाही. पोराने डिश पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत फिरवली, खाली केली, वर केली. तीन एलएनबी विकत आणले. प्रत्येक वेळी दुकानदाराने आधीच्यापेक्षा कमी नॉइजचा म्हणून जरा महाग दिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मला बोलावलं. मी जाताना फक्त सुतळीचा गुंडा आणि फूटपट्टी घेऊन गेलो. ते बघून त्याचं तोंड उतरलं. मी मोठं मीटर आणीन अशी त्याची अपेक्षा असावी.

डिशच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सुतळी ताणून बांधली. तिला काटकोनात दुसरी. डिश सरळ असेल तर दोन्ही सुतळ्या मध्यावर एकमेकींना जेमतेम टेकतात. इथे वरच्या सुतळीखालून माझी दोन बोटं आरपार गेली. म्हणजे काठ वाकडा, अर्धा वळलेल्या पापडासारखा. सी-बँडला चार-साडेचार मिलिमीटरचा बाकसुद्धा जाणवतो, इथे तर दोन बोटं. अशी डिश आकाशभर फिरवली तरी काय सापडणार? सगळे बोल्ट अर्धे ढिले केले, पाकळ्या जागच्या जागी लावल्या, आणि गाडीचं चाक आवळतात तसं समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत नेले. सुतळ्या टेकल्या तेव्हाच उपग्रहाचं नाव काढलं.

तरी अर्धंच काम झालं होतं. एलएनबी त्याने नजरेच्या अंदाजाने बसवला होता. इथे अंदाज चालत नाही. डिशचा व्यास मोजा, त्याच सुतळीपासून तळापर्यंतची खोली मोजा. व्यासाचा वर्ग करून त्याला खोलीच्या सोळापटीने भागा, केंद्राचं, म्हणजे सिग्नल जिथे एकवटतो आणि एलएनबी जिथे बसायला हवा त्या जागेचं, तळापासूनचं अंतर मिळतं. त्याची डिश २४४ सेंटिमीटरची, खोली ३८. हिशेब केला तर अंतर आलं ९८ सेंटिमीटर. त्याचा एलएनबी होता १०५ वर. ९८ ला २४४ ने भागलं की ०.४०. एलएनबीच्या गळ्यावर ०.३६, ०.३८, ०.४० असे आकडे कोरलेले असतात. भोवतालची गोल चकती सरकवून त्या आकड्यावर आणायची. ते आकडे कशासाठी असतात हे तीन एलएनबी विकणाऱ्याने त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. यानंतर डिश मी अंगठ्याने ढकलली, जेमतेम बोटभर. आठ फुटी डिशचा सी-बँडचा झोत दोन अंशांच्या आसपास असतो, हिसका मारलात की उपग्रह मागे राहतो.

तिन्ही एलएनबी चांगले होते. दोन अजून त्याच्या कपाटात आहेत.

फाईव्ह-जीचा गोंगाट

२०२२ च्या ऑक्टोबरनंतर एक नवं दुखणं सुरू झालं. कालपर्यंत नीट चालणारी डिश आज स्ट्रेंथ भरपूर दाखवते आणि क्वालिटी शून्य. लोक लगेच डिशला हात लावतात. नका लावू. आपल्याकडे फाईव्ह-जीला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला, आणि बाजारातले बरेचसे सी-बँड एलएनबी ३४०० पासून पुढचं सगळं गिळतात. शेजारच्या इमारतीवरचा टॉवर उपग्रहापेक्षा इतका जवळ असतो की त्या आरडाओरड्यात एलएनबी बधिर होतो.

इथला शॉर्टकट म्हणजे एलएनबी आणि रिसीव्हरच्या मध्ये वायरीत बसवायचा स्वस्तातला फिल्टर. त्याने काही होत नाही. कान फुटल्यावर बोळा घालण्यातला प्रकार. फिल्टर एलएनबीच्या तोंडाशी हवा, म्हणजे ३७०० ते ४२०० एवढंच आत सोडणारा, फाईव्ह-जी फिल्टर आत बसवलेला एलएनबी घ्या. मी आणखी एक करतो. टॉवर कुठल्या दिशेला आहे ते बघतो, आणि डिश पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या आडोशाला सरकवतो. एका ठिकाणी तर डिश गच्चीवरून थेट परसात उतरवली आणि त्रास संपला. डिश उंचावर असली की जास्त पकडते हा अँटेनाच्या काळातला समज आहे. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला तुमचे दोन मजले कळत नाहीत. त्याच्या वाटेत झाड किंवा भिंत नसली की पुरे.

थोडक्यात आवरण्यासारख्या

जाळीच्या डिशवर केयू-बँडचा एलएनबी लावून "एवढी मोठी डिश, मग डीटीएच का नाही दिसत" असं विचारू नका. भोकं लहरीच्या मानाने मोठी आणि पृष्ठभाग ओबडधोबड. जाळी चांगली की वाईट हे लहरीवर ठरतं. उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याच्या १९७५ च्या 'साईट' प्रयोगात खेड्यांमधल्या डिश कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीच्या होत्या आणि झकास चालल्या, कारण लहर पस्तीस सेंटिमीटरची होती. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या ४५ मीटरच्या तीस दुर्बिणी आहेत, त्याही जाळीच्याच. तुमच्या फ्री डिशला दोन-अडीच फुटी थाळी पुरते, ती वेगळी लावा.

मोठ्या डिशने पैशाचे चॅनल फुकट दिसत नाहीत. कुलूप ते कुलूपच.

रिसीव्हर चालू ठेवून वायर जोडू नका. तार तिरपी टेकली की एलएनबीला जाणारे १३-१८ व्होल्ट शॉर्ट होतात.

फोनमधलं होकायंत्र डिशच्या खांबाला टेकवून दिशा बघणारे मी पाहिले आहेत. लोखंडाशेजारी सुई खोटं बोलते. दहा पावलं लांब उभे राहा.

६६ आणि ६८.५ अंशांवरचे दोन्ही उपग्रह एकाच डिशवर दोन एलएनबी लावून घ्यायचा हट्ट सोडा. आठ फुटीवर त्या दोन केंद्रांत पाचेक सेंटिमीटर अंतर येतं, आणि एलएनबीची चकतीच वीतभर रुंद असते.

पत्र्याची किंवा फायबरची भरीव डिश असेल तर खालच्या काठापासून थोडं आत पाणी जायला भोक आहे ना ते बघा. पुण्यातून ८३ अंशाचा उपग्रह घेताना डिश क्षितिजापासून तब्बल ६६ अंश वर बघते, म्हणजे जवळपास परातीसारखी पडलेली असते. पहिल्याच पावसात तळं होतं. भोक पाडा, आणि पारव्यांनी ते बुजवलं नाही ना हे दर श्रावणात चढून बघा.

चंदेरी रंग

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या केबलच्या कंट्रोल रूमवर बारा फुटी भरीव डिश होती, तोंड १०५.५ कडे. एका वर्षी दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा, म्हणून मी हौसेने तिला चकाकता चंदेरी ऑइलपेंट मारला. लांबून चांदीचं ताट दिसायची. दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास चित्रात मुंग्या यायला लागल्या, मग नुसत्या मुंग्याच. घराघरांतून फोन सुरू. तेवढ्यात गच्चीवरून जळका वास आला. वर जाऊन बघतो तर एलएनबीच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण तुपाच्या गोळ्यासारखं ओघळत होतं.

दरवर्षी दोनदा, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेवढी काही मिनिटं सूर्याचा रेडिओ गोंगाट उपग्रहाला झाकून टाकतो. तो बिघाड नसतो, आपोआप जातो. पण डिश चकाकती असेल तर सिग्नलबरोबर ऊनही केंद्रावर गोळा होतं. भिंगाखाली कागद धरल्यासारखं. म्हणून डिशला नेहमी मॅट रंग, राखाडी किंवा पांढरा, आणि पातळ हात. जुन्या गंजक्या डिशला चमकवून 'नवी' करणाऱ्यांनो, आधी हात मागे घ्या. आणि रंग काहीही असला तरी अशा वेळी एलएनबीजवळ तोंड नेऊन बघू नका.

त्याच दिवसांत दुसरी घाई म्हणजे चित्र गेलं की पाना घेऊन डिश हलवणं. दहा मिनिटांत आलं असतं ते चित्र मग आठवडाभर येत नाही. मी त्या दिवसांत पाना खालीच ठेवतो आणि रिकाम्या हाताने गच्चीवर जातो. गोंगाट ऐन भरात असताना एलएनबीची सावली डिशच्या बरोबर मध्यावर पडली पाहिजे, कारण सूर्य, एलएनबी आणि डिशचा तळ तेव्हा एका रेषेत असतात. डिश नीट बघतेय की नाही हे सांगणारं याहून चांगलं मीटर माझ्याकडे नाही, आणि ते फुकट आहे. गेल्या मार्चमध्ये माझ्या घरच्या डिशवर ती सावली मध्यापासून चार बोटं डावीकडे पडली होती. बोल्ट अजून ढिले करायचे राहिलेत. सध्या तिच्यावर बायकोच्या कुरडया वाळतायत.