काउंटीचं नवं जेल बांधताय? या चुका टाळा

अमेरिकेच्या ग्रामीण भागात काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, जुनं जेल ही बहुतेकदा कोर्टाजवळची विटांची इमारत. मिडवेस्टमध्ये, म्हणजे देशाच्या मध्य-उत्तर भागात, शेरीफचं (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं) बिऱ्हाडही अनेकदा त्याच इमारतीत असे आणि कैद्यांचा स्वयंपाक त्याची बायको करी. अशी इमारत गळायला लागली, राज्याचे तपासनीस शेरे मारू लागले, की काउंटीचा कारभार पाहणारे निवडून आलेले कमिशनर पहिला प्रश्न विचारतात: किती खाटा हव्यात? घोळ इथूनच सुरू होतो.

आजची गर्दी मोजून आकडा ठरवू नका. रोज आत येणारे गुणिले सरासरी मुक्काम, हा खरा हिशेब. रोज 4 जण येतात आणि सरासरी 20 दिवस राहतात, तर आत 80 जण. मुक्काम 15 दिवसांवर आला की 60. हा फरक गवंडी पाडत नाही, कोर्ट पाडतं. काउंटी जेलमध्ये बहुसंख्य कच्चे कैदीच असतात.

म्हणून नवं जेलही लगेच भरलं, तर वाढीव विंग मागण्याआधी महिन्याहून जास्त काळ पडून असलेल्यांची यादी काढा. प्रत्येक नावापुढे लिहा, कशासाठी अडकलाय: पाचशे डॉलरचा जामीन, वकील न मिळणं, मनोरुग्णालयात जागा नसणं, की दुसऱ्या काउंटीचं वॉरंट. निम्मी उत्तरं तिथेच मिळतील. उलट बाजूही लक्षात ठेवा: बायका, आजारी, एकमेकांच्या जिवावर उठलेले, सगळे वेगळे ठेवावे लागतात, त्यामुळे 60 खाटांत 60 माणसं कधीच मावत नाहीत.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे ‘मोठं बांधू, उरलेल्या खाटा बाहेरच्या कैद्यांसाठी भाड्याने देऊ’. मोंटानातलं हार्डिन आठवा. साडेतीन हजार वस्तीचं गाव. 2 कोटी 70 लाख डॉलरचे रोखे काढून 464 खाटांचं जेल 2007 मध्ये उभं केलं, पण कैदीच आले नाहीत. 2008 मध्ये रोख्यांचे हप्ते थकले. 2009 मध्ये नगर परिषदेने ग्वांटानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगातले कैदी ठेवून घेण्याची तयारी दाखवली! त्याच वर्षी जेल चालवायला पुढे आलेल्या खासगी कंपनीचा म्होरक्या फसवणुकीत शिक्षा भोगलेला निघाला. गिऱ्हाईक लेखी करारात नसेल तर जादा खाट बांधूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बांधकामाचा खर्च एकदाच, पगार मात्र कायमचे. एक पहारा चोवीस तास म्हणजे आठवड्याचे 168 तास. चाळीस तासांच्या नोकरीने 4.2 माणसं, रजा आणि प्रशिक्षण धरून पाच. आराखड्यातला एक आडवळणी कोपरा म्हणजे पाच पगार. लांब बोळात गार्ड फेरी मारतो तेवढ्यापुरतंच त्याला दिसतं. कॅलिफोर्नियातल्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटीने 1981 मध्ये मार्टिनेझ गावातल्या जेलमध्ये गार्डला कैद्यांच्या दालनातच बसवलं. ती पद्धत पुढे बऱ्याच ठिकाणी रुजली. लहान काउंटीनेही नजरेचा विचार आधी करावा, भिंतीचा नंतर.

आणि जमीन स्वस्त मिळते म्हणून गावाबाहेर दूर जाऊ नका. प्रत्येक सुनावणीला शेरीफचा एक डेप्युटी आणि गाडी अडकते, रात्री सुटलेल्याला घरी जायला बस नसते. जावंच लागलं तर व्हिडिओ सुनावणीची खोली आणि वकिलाला अशिलाशी खासगीत बोलायची जागा पहिल्याच नकाशात घ्या, नाहीतर पुढे स्टोअररूममध्ये कॅमेरा लावून भागवावं लागेल.