दिवाळखोरीच्या कामात नवीन आहात? आधी लेजर उघडा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांचे, दिवाळखोरीत गेलेल्या ग्राहक कंपन्यांकडच्या थकबाकीचे क्लेम मी कोल्हापुरात बसून तयार करतो. सुनावणी मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) होते, पण निम्मं प्रकरण इथल्या लेजरमध्येच ठरलेलं असतं.

कारखानदार येतो तो हिशेब करूनच. "साहेब, कास्टिंगचे चाळीस लाख येणं आहे. त्यांचे सहा लाख मी देणं लागतो. सहा वळते करून घेतो, चौतीसचा क्लेम टाका." एरवी धंद्यात यात काहीच वावगं नाही. पण समोरच्या कंपनीची सीआयआरपी, म्हणजे दिवाळखोरी निराकरणाची प्रक्रिया, सुरू झाली असेल तर लगेच होकार देऊ नका. ते सहा लाख कशाचे, हे विचारा.

मशिनिंगमधून निघालेलं बोरिंग (लोखंडाचा भुगा) त्यानं त्याच कंपनीकडून विकत घेतलं असेल, तर तो वेगळा सौदा. सहा लाख पूर्ण भरायचे आणि फॉर्म बी मध्ये, म्हणजे माल-सेवा पुरवणाऱ्या देणेकऱ्यांच्या क्लेमच्या फॉर्ममध्ये, चाळीस लाखांचा क्लेम टाकायचा. मिळतील तेवढे मिळतील. ऐकणाऱ्याच्या जिवावर येतं, मलाही सांगताना वाईट वाटतं. पण वळते केलेले सहा लाख म्हणजे त्याला रुपयाला रुपया मिळाला, आणि त्याच कंपनीकडे पैसे अडकलेल्या शेजारच्या पॅटर्नवाल्याला (साचे बनवणाऱ्याला) कदाचित दहा पैसे. कायद्याला हेच नको आहे.

सहा लाख त्याच पर्चेस ऑर्डरवर मिळालेला अॅडव्हान्स असेल, तर गोष्ट वेगळी. येणं आणि देणं एकाच व्यवहाराचं, म्हणून वजावट मागता येते. ३ जानेवारी २०२४ च्या एअरटेल-एअरसेल निकालात सर्वोच्च न्यायालयानं सीआयआरपीत सेट-ऑफ (येण्यातून देणं वळतं करणं) नाकारताना दोनच अपवाद ठेवले: हा एक, आणि दुसरा, करारानं ठरलेली व सीआयआरपी सुरू होण्याआधीच लागू झालेली वजावट. सुमारे ११२ कोटींचा वाद होता. निकाल मुळातून वाचा, नोट्सवर भागवू नका.

अमेरिकेतही अशीच विभागणी आहे. तिथे सेट-ऑफला दिवाळखोरी अर्जासोबत लागू होणारी वसुलीवरची स्थगिती आडवी येते, एकाच व्यवहारातल्या वजावटीला, म्हणजे रिकूपमेंटला, सहसा येत नाही.

म्हणून लेजरसोबत ऑर्डर, डेबिट नोटा आणि तारखा मागून घ्या. बोरिंगचे पैसे दरमहा बिलातून वळते करायचं लेखी ठरलं होतं का, आणि कोणत्या महिन्यापर्यंत तसं झालं, हे तपासा. पुढे कंपनी लिक्विडेशनमध्ये (मालमत्ता विकून गुंडाळण्याच्या टप्प्यात) गेली तर फाइल पुन्हा काढा, कारण तिथे २०१६ च्या लिक्विडेशन नियमावलीतला नियम २९ परस्पर वजावटीला मुभा देतो.