मिनिएचर घोड्याच्या गाडीसाठी मैदान: वाळूचा ट्रक बोलावण्याआधी

डॅलसच्या आसपास एकर-दोन एकर घेऊन दोन मिनिएचर घोडे पाळणारी मराठी घरं आता अगदीच दुर्मिळ नाहीत. घोडा गाडीला जुंपायची वेळ आली की मैदानाचा विषय निघतो, आणि पहिला सल्ला मिळतो तो स्वारीच्या मैदानाचा: तीन-चार इंच मऊ वाळू टाका. तो मुळीच ऐकू नका. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमाने या घोड्याची उंची ३४ इंचांच्या आत असते. एवढुसा जीव, मागे गाडी आणि गाडीत तुम्ही. वाळू खोल असली की चाक रुततं आणि सगळा ओढा त्याच्या खांद्यांवर येतो. सैल थर दीड ते दोन इंच, त्याखाली घट्ट बैठक, हे माप आधी पक्कं करा.

मग जमीन बघा. डॅलसपासून ऑस्टिनच्या पुढे सॅन अँटोनियोपर्यंत जो काळ्या मातीचा पट्टा आहे, ती माती आपल्याकडच्या काळ्या रानासारखीच वागते. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट वाळू टाकली तर पहिल्या मोठ्या पावसात चिखल वर आणि वाळू खाली. म्हणून वरचा गवत-मुळांचा थर काढा, एका बाजूला साधारण एक टक्का उतार द्या (६० फूट रुंदीला सात इंच), वरच्या अंगाला पाणी अडवणारा चर खणा. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, नाहीतर खडी हळूहळू मातीत उतरते. कापडावर चुनखडीचा रोड बेस, म्हणजे रस्त्याच्या पायात घालतात ती भुकटीसकट खडी, दाबल्यानंतर सहा इंच भरेल इतका, पण दोन-तीन इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर ओला करून रोलर फिरवत. पैसे कमी पडत असतील तर मैदान लहान करा, बैठकीत काटकसर नको. वरची वाळू पुढे कधीही बदलता येते, बैठक उकरून परत करणं म्हणजे दुप्पट खर्च.

आता वरचा थर. खाणीवाल्याला नुसती ‘वाळू’ मागितली तर तो त्याच्याकडे पडून असलेली देईल. धुतलेली, चाळलेली, कोनेदार दाण्याची मागा. नदीची गोल दाण्याची वाळू दिसायला सुंदर, पण वळणावर खुराखालून मोहरीसारखी निसटते. नमुना घरी आणून काचेच्या बरणीत पाण्याबरोबर हलवा आणि रात्रभर ठेवा. वाळूवर गाळाचा जाडसर थर बसला तर तो माल नको; त्या गाळाचीच पुढे धूळ होते. मोठ्या घोड्यापेक्षा याचं नाक जमिनीच्या कितीतरी जवळ, त्यामुळे धूळ आधी त्याच्या फुप्फुसात जाते. मैदानात चाराही टाकू नका. गवताबरोबर वाळू पोटात गेली की पोटदुखीचा धोका.

दुसरा पर्याय कच, म्हणजे क्रशरची बारीक भुकटी, किंवा मध्य टेक्सासात मिळणारा ग्रॅनाइटचा मुरूम. चाकाला हे वाळूपेक्षा बरं, आणि फक्त गाडीच हाकायची असेल तर माझं मत मुरुमाला. मात्र तो उन्हात सिमेंटसारखा आवळतो. वरचा इंचभर थर नियमित मोकळा केला नाही तर बिननालेचे खूर झिजतात. वाळू आणि मुरूम यांचं मिश्रणही चालतं, पण ते आधी दहा बाय वीस फुटांच्या तुकड्यावर करून बघा. त्यावरून रिकामी गाडी स्वतः हाताने ओढा, मग कुणाला तरी बसवून ओढा. तुम्हाला धाप लागली तर घोड्यालाही लागेल.

वाळूत मिसळायला टायरचा चुरा घ्यायचा असेल तर त्यात पोलादी तारेचे तुकडे नाहीत ना, हे विचारा. कापडी धागे मिसळलेली वाळू स्वारीला छान, इथे ते आसाभोवती गुंडाळतात. लाकडाचा भुसा-चिप्स माझ्या मते नकोच: कुजतो, ओला झाला की घसरतो, आणि त्यात काळ्या अक्रोडाचं लाकूड आलं तर खुरांना सूज येऊन घोडा लंगडतो.

किती लागेल? ६० बाय १२० फुटांच्या मैदानाला दोन इंचांचा थर म्हणजे सुमारे ४५ घनयार्ड, वजनात साठेक टन. पहिल्यांदा दीड इंचच पसरा. वाढवणं सोपं, काढणं कठीण. ट्रकला आत यायला रस्ता आणि वळायला जागा आहे का, फाटक किती रुंद आहे, हे फोन करण्याआधी मोजा. ओल्या जमिनीवर भरलेला ट्रक घेऊ नका, बैठकीचं वाटोळं होतं.

पाण्याची सोयही त्याच वेळी करून घ्या. धूळ दबावी म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड हे ओल धरणारं मीठ टाकतात, पण ते गाडीचं लोखंड खातं आणि खूर कोरडे पाडतं. मी पाणीच मारेन. समतल करायच्या जाळीचे दात बैठकीपर्यंत पोचणार नाहीत एवढेच ठेवा, नाहीतर चुनखडीचे खडे वर येतात. कडेची वाळू चाकांनी बाहेर फेकली जाते, ती परत आत ओढायला कुंपणाला खाली लाकडी फळी हवी. आणि हो, सराटे इथेही उगवतात. हवेचे टायर असतील तर कुंपणालगतचं तण उपटून ठेवा.

माल उतरला की पावती जपा, तिच्यावर खाणीचं नाव आणि चाळणीचं माप लिहून घ्या. दोन वर्षांनी भर घालायची वेळ येईल तेव्हा तोच दाणा मागायचाय.