कंपाउंड धनुष्य घ्यायचंय? आधी हात पसरा

माझं पहिलं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य माझ्या मापाचं नव्हतंच. अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या पुतण्याने आपलं वापरलेलं, झाडाच्या सालीच्या रंगाचं शिकारी धनुष्य बॅगेतून काढलं आणि ‘काका, हे तुम्हाला’ म्हणून हातात दिलं. ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, ७० पौंड; ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे येते ती लांबी, २९ इंच. माझी उंची ५ फूट ५ इंच, वय तेव्हा बेचाळीस. दोरी मागे यावी म्हणून मी धनुष्य आधी आभाळाकडे न्यायचो, मग हिसका देऊन खाली आणायचो. ‘अहो, चंद्र पाडताय का?’ असं आमचे प्रशिक्षक सर लांबूनच ओरडायचे. तीन महिन्यांत खांदा धरला. पुढचे दोन महिने लोकलमध्ये वरची कडी डाव्या हाताने धरत होतो.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही कंपाउंडमध्ये विश्वविजेते झाले. ओजसने तर अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येतेय. त्यामुळे ‘कोणतं घेऊ?’ हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो आणि त्यामागोमाग दुसराही येतो, ‘टार्गेट आणि शिकार, दोन्हींना चालेल असं एकच मिळेल का?’ मिळतं. पण ते कसं निवडायचं याचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो. आधी कंपनी, मग वेग आणि शेवटी स्वतःचं शरीर.

शिकारीचं आधी मिटवून टाकू

भारतात हौसेची शिकार बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरायला मनाई आहे. मुंबईकराच्या दृष्टीने याचा अर्थ साधा: बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात धनुष्याची पिशवी घेऊन ‘नुसता सराव करायला’ जायचं नाही. येऊरच्या बाजूनेही नाही.

मग शिकारी धनुष्य इथे लागतं कुणाला? एक, ज्यांचं परदेशी जाणं-येणं आहे आणि तिथे परवाना काढून शिकार करायची आहे त्यांना. तेही देश बघून, कारण ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार करणं बेकायदा आहे. आणि दोन, ज्यांना थ्रीडी तिरंदाजीची ओढ आहे त्यांना. त्यात फोमच्या प्राण्यांवर, अंतर न सांगता, चढउतारावरून बाण मारायचे असतात. माझ्यासारख्याची शिकारीची खाज तेवढ्यावर भागते.

भिंतीला पाठ लावून हात पसरा

पहिलं काम ड्रॉ लेंग्थ. भिंतीला टेकून उभे राहा, हात सरळ बाजूंना पसरा (ताणायचे नाहीत) आणि मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरच्या कुणाकडून इंचांत माप घ्या. त्याला अडीचने भागा. ६६ इंच आले तर साधारण साडेसव्वीस. हा अंदाज आहे, शेवटचं माप प्रशिक्षक धनुष्य ओढायला लावून ठरवतात. पण दुकानात जाण्याआधी हा आकडा खिशात हवा.

साध्या धनुष्याची दोरी थोडी मागेपुढे ओढली तरी चालतं. कंपाउंडचं तसं नसतं. त्याच्या टोकांना कॅम असतात, म्हणजे मधोमध आस नसलेली चाकं. ती ठरावीक ठिकाणी येऊन अडतात आणि दोरी भिंतीला टेकल्यासारखी थांबते. ही भिंत एक इंच मागे असली तर कोपर वळतं, मान मागे जाते आणि दोरी पुढच्या हाताला फटका मारते. तो फटका एकदा बसला की पुढचे पन्नास बाण माणूस डोळे मिटून मारतो.

शिकारी धनुष्यं बऱ्याचदा २८-३० इंचांवर लावून विकतात. म्हणून विचारा: लांबी किती इंचांपर्यंत खाली येते आणि त्यासाठी कॅमवरचा तुकडा नुसता फिरवायचा की नवा कॅम विकत घ्यायचा? फिरवता येणाराच घ्या.

त्याच वेळी कोणता डोळा जोरकस आहे तेही बघा. दोन्ही हातांच्या पंजांचा छोटा त्रिकोण करून त्यातून लांबचा पंखा पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला पंखा जागेवर दिसतो तो तुमचा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा निघाला, तर पैसे देण्याआधी प्रशिक्षकाशी बोला.

पौंड: इथे मर्दानगी घरी ठेवा

वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या स्पर्धेत कंपाउंडला कमाल ६० पौंड चालतात. हरणाच्या शिकारीसाठी अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे, पण अनेक ठिकाणी किमान मर्यादा ४० च्या आसपास आहे. म्हणजे दोन्ही कामांना चालणारा पट्टा आपोआप समोर येतो: ५० ते ६० पौंड. लिंबचे (धनुष्याच्या वरच्या-खालच्या लवचिक भुजांचे) बोल्ट सैल करून बहुतेक धनुष्यं कमाल आकड्याच्या दहाएक पौंड खाली आणता येतात. ६० चं घेतलं तर ५० वर सुरुवात करता येते. माझं ७० चं होतं, म्हणून ६० च्या खाली जाणं शक्यच नव्हतं. बोल्ट वरचा-खालचा सारखेच फिरवायचे आणि कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपलीकडे कधीच नाही.

पारख सोपी आहे. खुर्चीवर बसा, पाय जमिनीपासून थोडे उचला आणि धनुष्य समोर आडव्या रेषेत ठेवून ओढा. हात वर गेला, कंबर वाकली की पौंड जास्त. अर्धा मिनिट धरूनही ठेवता आलं पाहिजे. पूर्ण ओढल्यावर वजन कमी होतं, त्याला लेट-ऑफ म्हणतात: ६० पौंड आणि ८० टक्के लेट-ऑफ असेल तर हातात उरतात १२. हरणाने मान वळवेपर्यंत थांबायचं असेल तर जास्त लेट-ऑफ सुखाचा. टार्गेटवाल्यांना थोडा कमी आवडतो, कारण हातात ताण असला की सुटका स्वच्छ होते. ७५ ते ८० मध्ये दोघांचं जमतं.

आणि हो, ओढून बघताना बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही. बाणाने न्यायची सगळी ताकद लिंबमध्ये परतते, आणि कॅम वाकणं, दोरी तुटणं, लिंब फुटणं यातलं काहीही होऊ शकतं.

लांबी आणि वेगाची जाहिरात

दोन कॅमच्या आसांमधलं अंतर शिकारी धनुष्यात साधारण ३० ते ३३ इंच, टार्गेटच्या धनुष्यात ३६ ते ४०. आखूड धनुष्य झाडीत अडकत नाही, पण हातात चुळबुळतं. लांब स्थिर राहतं. एकच घ्यायचं तर ३३ ते ३५. ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर, ७ इंचांच्या जवळ असू द्या. सहाच्या धनुष्याचा बाण वेगवान असतो, पण तो दोरीवर जास्त वेळ राहतो आणि तुमचा हात हलला की तेही बाणात उतरतं.

जाहिरातीतला वेग सहसा ७० पौंड, ३० इंच आणि ३५० ग्रेनच्या (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) हलक्या बाणावर मोजलेला असतो. तुमच्या ५५ पौंड आणि २७ इंचांवर तो आकडा दिसणार नाही. त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

धनुष्य एक, बाण दोन

दोन्ही कामं खरं तर इथे वेगळी होतात. टार्गेटला ५० मीटरवरून, म्हणजे जवळजवळ अडीच क्रिकेट पिचच्या अंतरावरून, ८० सेंटीमीटरच्या कागदावर मारायचं असतं. त्यातलं दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटरचं. तिथे हलका बाण, भिंगाची एक-पिनची साइट (नेम धरायचं साधन) आणि लांब स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा). शिकारीला जड बाण, भिंगाविना पिना, आखूड स्टॅबिलायझर. दोन्ही संचांच्या साइटच्या खुणा वहीत वेगवेगळ्या लिहा, नाहीतर बाण बदलला की सगळं खाली-वर लागतं. प्रत्येक पौंडामागे बाणाचं वजन किमान ५ ग्रेन हवं. स्पाइन म्हणजे बाणाचा कडकपणा, आणि त्याचा आकडा उलटा चालतो: ४०० पेक्षा ३४० चा बाण जास्त कडक. तुमच्या पौंड-लांबीला कोणता लागतो ते बाणाच्या कंपनीच्या तक्त्यात बघूनच घ्या. ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या धारदार टोकाची, पाती मुंबईत कशाला? ती क्लबचं टार्गेट फाडतात आणि शेजाऱ्यांची झोप उडवतात.

रिलीज (दोरी सोडायची कळ), साइट, रेस्ट (बाण टेकवायचा आधार), बाण आणि पिशवी यांना धनुष्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे लागतील असं धरून चाला.

इथली हवा

घेण्याआधी आणखी एक विचारा: दोरी बदलायला बो प्रेस कुणाकडे आहे? हे यंत्र जवळपास कुणाकडे नसेल, तर स्वस्त धनुष्य महाग पडतं. पावसाळ्यात कॅमच्या आसांना गंज धरतो, तेव्हा सराव झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, दोरीला मेण लावत राहा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवू नका. सोसायटीच्या गच्चीवर तर बाण लावूच नका. कडक पेटी घेऊन साडेआठच्या लोकलमध्ये शिरायचा मी एकदा प्रयत्न केलाय. पाठीला अडकवायची मऊ पिशवी घ्या आणि पहाटेची गाडी पकडा.

वापरलेलं घेत असाल तर कापसाचा बोळा दोन्ही लिंबवरून, कडांवरूनही, हळू फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे बारीक चीर आहे. पुतण्याच्या धनुष्याच्या खालच्या लिंबला कापूस दोन ठिकाणी अडकला. ते आता माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी.