पुण्याहून अंटार्क्टिका: क्रूझ कशी निवडायची, तयारी काय करायची, तिथं कसं वागायचं

अंटार्क्टिकाची क्रूझ शोधायला बसलात की आधी एकच आकडा बघा, जहाजावर प्रवासी किती. किंमत, केबिन, जेवण सगळं नंतर. कारण तिथला नियमच असा आहे की ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला माणसं किनाऱ्यावर उतरवता येत नाहीत, आणि लहान जहाज असलं तरी एका जागी एका वेळी १०० च जण जमिनीवर. क्रूझ कंपन्यांनीच १९९१ साली एकत्र येऊन केलेली आयाटो नावाची संघटना आहे, ती हे सगळं बघते, आपला ऑपरेटर तिचा मेंबर आहे ना हे आधी तपासा. आता गणित करा, १०० जणांचं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात, १९० चं असेल तर अर्धे किनाऱ्यावर आणि अर्धे झोडियॅकमध्ये म्हणजे त्या रबरी बोटीत फिरतात आणि मग अदलाबदल, आणि ४०० चं असेल तर तुमचा नंबर येईपर्यंत डेकवर बसून राहायचं. मोठ्या जहाजाचं तिकीट बरंच स्वस्त असतं आणि त्यात नुसतं लांबून बर्फ बघणं असतं, इतका खर्च करून इतक्या लांब जायचं तर पाय टेकलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पुढचा प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीवर तपासून बघा, याने माझा किनाऱ्यावरचा वेळ वाढतोय की कमी होतोय.

मी बाबांना घेऊन गेले होते, बाबा ६७ चे, गुडघे थोडे कुरकुरतात, त्यामुळे खाली लिहिलंय ते घरातल्या ज्येष्ठांनाही लागू पडेल.

दिवस किती घ्यायचे? १० दिवसांची ट्रिप म्हटली तर त्यातले जायचे दोन आणि यायचे दोन दिवस ड्रेक पॅसेज हा खवळलेला समुद्र ओलांडण्यात जातात, चढायचा-उतरायचा दिवस वेगळा, म्हणजे हातात उरतात जेमतेम चार दिवस, आणि त्यातला एखादा हवेमुळे वाया जाऊ शकतो. ८ दिवसांची बघत असाल तर अजून थोडे पैसे साठवा आणि पुढच्या सीझनला जा, हे मनापासून सांगते. चिलीच्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटावर विमानाने नेऊन तिथं जहाजात बसवणारी पॅकेजेस पण आहेत, दोन तासांत पोचता आणि ड्रेक टळतो, पण ढग खाली आले की विमान उडत नाही आणि तुमचे दिवस हॉटेलात जातात. साउथ जॉर्जिया बेटाची ट्रिप तीन आठवड्यांच्या आसपास जाते, तिथं किंग पेंग्विनच्या प्रचंड वसाहती आहेत आणि ग्रिटविकेनला अंटार्क्टिकाच्या मोहिमा करणाऱ्या शॅकल्टनची कबर, रजा आणि पैसा दोन्ही असेल तर तीच घ्या.

सीझन नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत जाता येईल का हा प्रश्नच नाही, तेव्हा तिथं हिवाळा लागलेला असतो. नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरा असतो आणि पेंग्विनची घरटी बांधायची गडबड चालू असते. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत पिल्लं दिसतात आणि रात्र अशी होतच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक व्हेल सगळ्यात जास्त, पण किनाऱ्यावर चिखल आणि वास पण जास्त. नाताळच्या आठवड्यातले दर सगळ्यात चढे, मुलांची सुट्टी ही अट नसेल तर तो टाळा. आम्ही जानेवारीच्या मध्यावर गेलो.

बरं, सगळे विचारतात म्हणून सांगते, भारताचं मैत्री किंवा भारती स्टेशन या ट्रिपमध्ये दिसत नाही, ती दोन्ही पूर्व अंटार्क्टिकात आहेत आणि आपण जातो तो भाग दक्षिण अमेरिकेच्या खालचं द्वीपकल्प, मध्ये हजारो किलोमीटर. एम्परर पेंग्विन पण या वाटेवर सहसा दिसत नाहीत, दिसतात ते जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अॅडेली. आणि पांढरी अस्वलं उत्तर ध्रुवाकडची, इथं नाहीतच.

पैशाचं बघा. चांगल्या लहान जहाजाचं तिकीट माणशी साधारण सहा-सात हजार डॉलरपासून सुरू होऊन पंधरा हजार आणि त्याच्याही वर जातं, विमान वेगळं, आणि एकट्याने जाणार असाल तर केबिन शेअर करायची तयारी ठेवा नाहीतर सिंगल सप्लिमेंट म्हणजे एकट्याच्या केबिनचा जादा दर जबर लागतो. टूर पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोपर्यंत अडकतो, तेवढी रक्कम बाजूला धरूनच बजेट करा, सीएला आधी विचारा. इन्शुरन्स घेताना इवॅक्युएशन म्हणजे आजारपणात तिथून बाहेर काढायचं कव्हर किती आहे ते बघा, ऑपरेटर ठरावीक किमान रक्कम मागतात, आणि पॉलिसीत अंटार्क्टिका वगळलेलं नाही ना हे लेखी घ्या, फोनवर "हो मॅडम सगळं कव्हर आहे" म्हणतात त्याला काही अर्थ नाही.

कागदपत्रांत दोन गोष्टी. अंटार्क्टिकाला व्हिसा नसतो, १९५९ च्या करारामुळे तिथं कुणाच्याच मालकीहक्काचा दावा पुढे रेटता येत नाही, पण जहाज उशुआया बंदरातून सुटतं म्हणून अर्जेंटिनाचा लागतो, त्यांचं कॉन्सुलेट मुंबईत आहे, आणि तुम्ही तिथून बाहेर जाऊन परत येणार आहात म्हणून मल्टिपल एंट्री मागा. दुसरी म्हणजे यलो फीव्हरची लस. ती अर्जेंटिनासाठी म्हणून नाही, भारतात परत येताना लागते, अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही आपल्या यादीत आहेत आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, किमान दहा दिवस आधी, आणि साठीच्या पुढच्यांना ही लस देताना जास्त काळजी घ्यावी लागते म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. बाबांच्या वेळी आम्ही हे दोन महिने आधीच केलं म्हणून निवांत राहिलो.

आता पुण्यातली तयारी, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथं चढ-उतार फार नसतात पण झोडियॅकमध्ये हलत्या पायरीवरून उतरायचं, किनाऱ्यावर गुळगुळीत दगडांत गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा आणि मग मऊ बर्फात चालायचं, त्यामुळे तोल आणि गुडघे तयार पाहिजेत. बाबा तीन महिने रोज सकाळी पर्वती चढले, चढण्यापेक्षा उतरण्यावर लक्ष द्या, कठड्याला न धरता हळूहळू. तरुणांनी सिंहगड करावा. समुद्र लागतो का हे माहीत नसेल तर पावसाळा संपल्यावर एकदा गेटवेहून मांडव्याला बोटीने जाऊन या, ड्रेक त्याच्या कित्येक पट पण अंदाज तरी येतो. आणि फोटोची आवड असेल तर भिगवणला जा, हलत्या होडीतून फ्लेमिंगो टिपायचा सराव करा, कारण झोडियॅकमध्ये अगदी हेच करायचं असतं आणि तिथं पहिल्या दिवशी सेटिंग शोधत बसलात की व्हेल शेपूट दाखवून खाली गेलेला असतो.

कपड्यांत थंडीची भीती सगळ्यांना वाटते पण उन्हाळ्यात द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपासच असतं, जानेवारीत मनालीला गेलेल्या माणसाला काही नवीन नाही. खरा शत्रू ओल आणि वारा. पार्का म्हणजे जाड जॅकेट आणि रबरी गमबूट बहुतेक ऑपरेटर देतात, बुकिंग करताना विचारून घ्या. आपण न्यायची सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वॉटरप्रूफ पँट, आणि इथं मला फटका बसला. मी शहरातल्या एका दुकानातून वॉटरप्रूफ सांगितलेली पँट घेतली, घरी तपासलीच नाही, आणि पहिल्याच झोडियॅक राइडला समोरून पाणी उडालं ते आत गेलं आणि पुढचा दीड तास मांड्या बधिर. बाबांची पँट आम्ही बाथरूममध्ये शॉवरखाली दहा मिनिटं धरून बघितली होती, ती कोरडी राहिली. तुम्ही सगळ्यांच्या पँट अशाच तपासा. शिवणीच्या आतल्या बाजूला टेप लावलेली आहे का बघा आणि पँट गमबुटाच्या बाहेरून खाली येईल एवढी लांब घ्या, आत खोचली की पाणी सरळ बुटात. बाकी थर्मल, फ्लीस, आत पातळ आणि वर वॉटरप्रूफ असे दोन हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन आणि कॅमेऱ्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या, थंडीत पटकन उतरतात म्हणून अंगाजवळच्या खिशात ठेवायच्या. ब्यूनोस आयर्सहून उशुआयाच्या विमानात वजनाची मर्यादा कमी असते तेव्हा फार भरू नका. आणि ब्यूनोस आयर्सला दोन विमानतळ आहेत बरं का, एझेइझा आणि एरोपार्के, एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

उशुआयाला एक दिवस तरी आधी पोचाच, बॅग हरवली तर जहाज थांबत नाही.

ड्रेक पॅसेज म्हणजे केप हॉर्न ते साउथ शेटलंड बेटं, सगळ्यात अरुंद जागी ८०० किलोमीटर. त्या अक्षांशावर पृथ्वीला पूर्ण फेरी मारली तरी वाऱ्याला आणि लाटांना अडवायला जमीनच नाही, म्हणून तिथलं पाणी इतकं उसळतं. केबिन निवडताना खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्याजवळची घ्या, स्वस्त पण असते आणि हलते पण कमी. उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधीच घ्यायची, कुठली ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, खास करून बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर. आम्ही आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या, बरं वाटायचं त्याने. पोट रिकामं ठेवू नका. आणि चालताना एक हात कायम कठड्याला, दाराच्या चौकटीत बोटं ठेवू नका, जहाज कललं की दार आपटतं.

याच दोन दिवसांत बायोसिक्युरिटी होते. तुमच्या जॅकेटचे खिसे, बॅगेचे कोपरे, वेल्क्रो सगळं व्हॅक्यूमने साफ करायला लावतात, वेल्क्रोत गवताचं बी अडकलेलं असतं ते पिनेने काढायचं. मी सिंहगडला वापरलेली सॅक नेली होती, तिच्या तळाशी खरोखर कुसळं निघाली, सात-आठ तरी. ती तिथं पडली असती तर, या विचाराने मी ती बॅग दोनदा साफ केली. तुम्ही पुण्यातच सगळं धुऊन, झटकून न्या.

किनाऱ्यावर खाणं अजिबात न्यायचं नाही, चिवडा-भाकरवडी केबिनमध्ये. टॉयलेट पण नाही, जहाजावरून जाऊन उतरा, ज्येष्ठांना चहा जरा आधी द्या. पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं, तो स्वतःहून जवळ आला तर आपण स्थिर उभं राहायचं. २०२३ मध्ये बर्ड फ्लू साउथ जॉर्जियाच्या बाजूला पोचल्यापासून खाली बसणं, गुडघे टेकणं, बॅग जमिनीवर ठेवणं बंद आहे, तेव्हा खालून फोटो हवा असेल तर फिरणाऱ्या स्क्रीनचा कॅमेरा न्या. बर्फात पेंग्विनच्या ये-जा करून पडलेल्या घळी असतात, त्यात पाय टाकायचा नाही, त्या त्यांच्या वाटा. आणि आपला पाय मऊ बर्फात खोल गेला तर तो खड्डा बुटाने बर्फ लोटून भरायचा, कारण पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. क्युव्हरव्हिल बेटावर बाबांचा पाय असा गुडघ्यापर्यंत गेला, गाइड हात द्यायला आला तर बाबा म्हणाले, "थांब, आधी हे बुजवतो." तेवढ्यात एक जेंटू चोचीत खडा घेऊन शेजारून गेला, दोन पावलं चालून थांबला, खडा खाली ठेवला, आमच्याकडे बघितलं, परत उचलला आणि घरट्याकडे गेला. हे बघायला एका जागी वीस मिनिटं गप्प उभं राहावं लागतं, म्हणून उतरल्या उतरल्या सगळं फिरून यायची घाई करू नका, एक घरटं निवडा आणि थांबा.

ग्लेशियरसमोर मात्र पाण्याच्या काठाला उभं राहायचं नाही. नेको हार्बरला समोरच्या ग्लेशियरचा तुकडा कोसळला की लाट थेट किनाऱ्यावर येते, गाइड वर चढा म्हणाले की लगेच चढा, कॅमेरा नंतर. कोसळताना आधी दिसतं आणि दोन-तीन सेकंदांनी आवाज येतो, लांब कुठेतरी वीज कडाडल्यासारखा. झोडियॅकने बर्फाच्या तुकड्यांतून जाताना इंजिन बंद करतात, तेव्हा कान द्या, पाण्यातून बारीक तडतड ऐकू येते, मोहरी फोडणीत टाकल्यासारखी, बर्फात शेकडो-हजारो वर्षं दाबून राहिलेली हवा सुटत असते. बाबांनी कानटोपी वर करून किती तरी वेळ ते ऐकलं.

पोर्ट लॉक्रॉयला थांबा असेल तर तिथल्या पोस्ट ऑफिसातून घरच्या पत्त्यावर कार्ड टाका, यायला महिने लागू शकतात.

परतीचं उशुआयाचं विमान जहाज लागेल त्याच सकाळचं घेऊ नका, दुपारनंतरचं किंवा दुसऱ्या दिवशीचं घ्या. आणि यलो फीव्हरचं कार्ड हँडबॅगेत पासपोर्टबरोबर ठेवा, मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच मागतात.